रस्ता कोणाचा? चालकरहित मोटार आणि पायी चालणारा माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



१८ मार्च २०१८, रविवार. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टेंपी या शहरी रात्री दहाच्या सुमारास एक एकोणपन्नास वर्षांची स्त्री आपली सायकल हाताने ढकलीत मिल ॲव्हेन्यू हा रुंद रस्ता ओलांडीत होती. सायकलीला पिशव्या अडकवलेल्या होत्या. त्याच रस्त्यावरून उबर कंपनीची एक मोटार ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने येत होती. चालकाच्या आसनावर एक व्यक्ती बसलेली होती. परंतु मोटार ती चालवीत नव्हती, यंत्र चालवीत होते. त्या व्यक्तीची दृष्टी रस्त्यावर नव्हती. मोटार थांबली नाही आणि ती स्त्री मृत्युमुखी पडली. चालकरहित म्हणून चाचणीसाठी रस्त्यावर आणलेल्या मोटारीखाली पादचारी ठार होण्याची जगातील ही पहिली नोंद होय.

दुसऱ्याच दिवशी तेथील पोलीसप्रमुखांनी वृत्तपत्रांना सांगितले की, ती स्त्री अंधारातून एकाएकी पुढे आली आणि चालक माणूस असता तरी अपघात टळणे कठीण होते. मृत व्यक्ती आपली बाजू मांडू शकत नाही. त्यामुळे पहिला निवाडा नेहमी तिच्याविरुद्ध जातो. पुढे तीन महिन्यांनी, जून २०१८ मध्ये, त्याच पोलीस खात्याच्या अहवालात नमूद झाले की चालकाचे लक्ष असते तर हा अपघात पूर्णतः टाळता आला असता. मात्र तोवर ‘चूक पायी चालणाराची’ ही समजूत जगभर पोचलेली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताची दीड वर्ष चौकशी केली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्यांतून जे बाहेर आले ते प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानी घेण्याजोगे आहे. यंत्राला ती स्त्री दिसलीच नव्हती, असे नाही. धडकेच्या ५.६ सेकंद आधी ती यंत्राला दिसली होती. रस्त्यावरच्या हिशेबात हा अवधी मोठा असतो. तेवढ्यात मोटार सहज थांबू शकते. परंतु यंत्र तिला कधी ‘वाहन’ समजले, कधी ‘अन्य वस्तू’, तर कधी ‘सायकल’. प्रत्येक वेळी वर्गवारी बदलली की तिच्या हालचालीची आधीची नोंद यंत्र बाजूला सारी आणि ती कोणीकडे चालली आहे याचा अंदाज पुन्हा नव्याने बांधू लागे. ‘पायी चालणारी व्यक्ती’ हे तिचे खरे नाव यंत्राला शेवटपर्यंत सापडले नाही. याचे कारणही चौकशीत स्पष्ट झाले. आखून दिलेल्या पट्ट्यांखेरीज अन्यत्र माणूस रस्ता ओलांडील, ही शक्यताच यंत्राच्या रचनेत धरलेली नव्हती.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. धडक अटळ असल्याचे यंत्राच्या ध्यानात आले तेव्हा १.२ सेकंद उरले होते. त्यातील एक सेकंद यंत्राने मुद्दाम काही केले नाही. विनाकारण वारंवार ब्रेक लागून प्रवास धक्क्याधक्क्याचा होऊ नये, म्हणून कंपनीने ही एक सेकंदाची थांबणूक योजलेली होती. व्होल्वोच्या त्या मोटारीत मूळ कारखान्याने बसवलेली आपत्कालीन ब्रेकची व्यवस्था होती. उबरचे यंत्र चालू असताना ती बंद ठेवली जाई. पूर्वी अशा प्रत्येक मोटारीत देखरेखीला दोन माणसे बसत. २०१७ च्या उत्तरार्धात कंपनीने त्यांतले एक कमी केले. कंपनीच्या या विभागात सुरक्षिततेसाठी स्वतंत्र खाते नव्हते, जबाबदार असा स्वतंत्र अधिकारीही नव्हता. मंडळाने अपघाताचे प्रमुख कारण म्हणून आसनावरील व्यक्तीच्या दुर्लक्षावर बोट ठेवले, पट्ट्यांबाहेरून रस्ता ओलांडल्याचीही नोंद केली. परंतु त्याबरोबरच कंपनीतील सुरक्षाविषयक अनास्था आणि राज्य सरकारची अपुरी देखरेख यांनाही जबाबदार धरले.

मग शिक्षा कोणाला झाली? मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नसल्याचे सांगितले. खटला उभा राहिला तो आसनावर बसलेल्या नोकरदार व्यक्तीवर. २०२३ साली तिने गुन्ह्याची कबुली दिली आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिचा दोष होता, हे नाकारण्याचे कारण नाही. ती भ्रमणध्वनीवर करमणुकीचा कार्यक्रम पाहत होती. परंतु तासन्‌तास काहीही न करता केवळ यंत्रावर डोळा ठेवण्याचे काम माणसाला दिले की त्याचे लक्ष ढळते, ही गोष्ट विमानोड्डाणाच्या शास्त्रात कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. ते ठाऊक असून दोन माणसांच्या जागी एक बसवण्याचा निर्णय ज्या दालनात झाला, तेथपर्यंत कायद्याचा हात पोचला नाही. यंत्र कंपनीचे, संभाव्य नफा कंपनीचा, निर्णय कंपनीचे आणि अपराध मात्र रोजंदारीवरल्या माणसाचा, अशी ही वाटणी आहे.

ही मोटार ॲरिझोनातच का धावत होती, याचाही इतिहास पाहिला पाहिजे. डिसेंबर २०१६ मध्ये उबरने सॅन फ्रान्सिस्को येथे परवाना न घेताच अशा मोटारी रस्त्यावर आणल्या. कॅलिफोर्नियाच्या मोटारवाहन खात्याने हरकत घेतली आणि १६ मोटारींची नोंदणी रद्द केली. कंपनीने मोटारी मालट्रकांवर चढवून शेजारच्या ॲरिझोनात नेल्या आणि तेथील गव्हर्नरांनी त्यांचे जाहीर स्वागत केले. नियम कमी असणे हीच त्या राज्याची भांडवलाला आकर्षून घेण्याची रीत होती. १ मार्च २०१८ रोजी, म्हणजे अपघाताच्या अवघे सतरा दिवस आधी, आत एकही माणूस नसलेल्या मोटारींनाही गव्हर्नरांच्या आदेशाने वाट मोकळी झाली. या सर्व व्यवहारात टेंपीच्या रस्त्यावरून पायी जाणाऱ्या नागरिकाला कोणी काही विचारले नव्हते. औषधाची चाचणी घ्यायची तर रुग्णाची लेखी संमती लागते. येथे साऱ्या शहराला चाचणीत ओढण्यात आले आणि संमती घेतली गेली ती केवळ सत्ताधाऱ्यांची.

परंतु या प्रश्नाची मुळे अधिक खोल आहेत. ‘रस्ता हा मोटारीचा, माणसाने तो ठरल्या जागी, ठरल्या वेळी, परवानगीने ओलांडावा’ ही कल्पना सनातन नाही. ती शंभर वर्षांपूर्वी घडवण्यात आली. इतिहासकार पीटर नॉर्टन यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फायटिंग ट्रॅफिक’ या ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शहरांतला रस्ता सर्वांचा होता. मुले तेथे खेळत, फेरीवाले माल विकत, माणसे वाटेल तेथून पलीकडे जात. मोटार आली तेव्हा आगंतुक ठरली ती मोटार. माणसे चिरडली जाऊ लागली तेव्हा जनमताचा रोष चालकांवर होता. १९२३ साली सिन्सिनाटी शहरातील ४२ हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या करून मागणी केली की, प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवावे की ती ताशी २५ मैलांपलीकडे धावूच शकणार नाही. मोटारधंद्याने सर्व शक्ती पणाला लावून हा प्रस्ताव मतदानात पाडला आणि त्यातून धडा घेतला. मोटारीवर बंधन येऊ नये असे वाटत असेल तर बंधन पायी चालणारावर घातले पाहिजे, हा तो धडा.

त्यासाठी एक शब्द कामी आला: ‘जेवॉकर’. तेथील बोलीत ‘जे’ म्हणजे गावंढळ, शहराची रीत न समजणारा. शतकानुशतके चालत आलेली पायी चालण्याची रीत एका शिवीच्या बळावर अडाणीपणाची ठरवण्यात आली. शाळाशाळांतून मुलांना हा धडा शिकवला गेला, शहराशहरांतून कायदे झाले. १९२५ साली लॉस एंजलिसने केलेला वाहतूक नियम पुढे अनेकांनी कित्त्यासारखा गिरवला. काही वर्षांत रस्त्याची मालकी बदलली आणि बदलली हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. टेंपीच्या यंत्राला पट्ट्यांबाहेरचा माणूस ओळखता आला नाही, याचे कारण एवढेच की, त्याच्या निर्मात्यांच्या मनातही तो माणूस रस्त्याचा हक्कदार नव्हता. यंत्राला दिसते ते त्याला शिकवणाराने पाहिलेले जग.

आता दुसरी बाजू प्रामाणिकपणे ऐकून घेतली पाहिजे. तिची टर उडवून चालणार नाही. या मोटारींचे पुरस्कर्ते म्हणतात की, माणूस दारू पितो, झोपतो, संतापतो, दूरध्वनीत गुंततो. यंत्र यांपैकी काही करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ या एका वर्षी जगातील रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मेली. अमेरिकेत २००९ साली ४,१०९ पादचारी ठार झाले होते. २०२२ साली ७,५२२. ही सर्व माणसे माणसांनी चालवलेल्या मोटारींखाली गेली. तेव्हा यंत्र निर्दोष नसले तरी माणसाहून बरे असेल, तर त्याला अडवणे म्हणजे माणसे मरू देणेच नव्हे काय? हा युक्तिवाद वजनदार आहे. त्याला आकड्यांचा आधारही मिळू लागला आहे. वेमो कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२५ अखेरपर्यंतच्या ५ कोटी ६७ लाख मैलांच्या चालकरहित प्रवासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार त्याच शहरांतील मानवी चालकांशी तुलना करता पादचाऱ्यांना इजा होणारे अपघात ९२ टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा लहान नाही आणि तो खोटा आहे असे म्हणण्यास आधार नाही.

तथापि त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. हा अभ्यास कंपनीनेच केलेला आहे, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, इजेविषयीचा निष्कर्ष मृत्यूला जसाच्या तसा लागू होत नाही. अमेरिकेत दर दहा कोटी मैलांमागे सुमारे सव्वा माणूस रस्त्यावर मरतो. म्हणजे एका मृत्यूमागे आठ कोटी मैलांच्या आसपास प्रवास असतो. मृत्यूच्या बाबतीत यंत्र माणसाहून वाईट नाही एवढे खात्रीने म्हणण्यासाठी एकाही मृत्यूवाचून सुमारे साडेसत्तावीस कोटी मैल धावावे लागेल, असा हिशेब रँड या संशोधनसंस्थेने २०१६ सालीच मांडून ठेवला आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एका कंपनीची दक्षता ही साऱ्या धंद्याची हमी नव्हे. उत्तम यंत्र शक्य आहे, एवढेच वेमोचा आकडा सांगतो. निकृष्ट यंत्र रस्त्यावर येणार नाही, हे तो सांगत नाही. ते काम कायद्याचे आहे.

याचा प्रत्यय सॅन फ्रान्सिस्कोने २०२३ साली घेतला. क्रूझ आणि वेमो या कंपन्यांना शहरभर रात्रंदिवस भाडे घेऊन मोटारी चालवू द्याव्यात की नाही, हा प्रश्न कॅलिफोर्नियाच्या लोकोपयोगी सेवा आयोगापुढे होता. शहराच्या अग्निशामक दलाने तक्रार केली होती की, या मोटारी बंबांच्या वाटेत येऊन उभ्या राहतात. शहराच्या वाहतूक अधिकाऱ्यांनीही आक्षेप नोंदवले होते. तरीही १० ऑगस्ट रोजी आयोगाने तीन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. त्या तिघांपैकी एक सदस्य पूर्वी क्रूझच्याच विधिविभागात काम केलेला होता. दोन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबर रोजी, माणसाने चालवलेल्या एका मोटारीने एका स्त्रीला उडवले आणि तो चालक पळून गेला. ती स्त्री फेकली गेली ती क्रूझच्या चालकरहित मोटारीसमोर. मोटारीने ब्रेक लावला. पण धडक बसली. येथपर्यंत यंत्राला फारसा दोष देता येणार नाही. परंतु त्यानंतर रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहावे, या ठरीव सूचनेप्रमाणे मोटार पुन्हा चालू लागली आणि खाली अडकलेल्या त्या स्त्रीला तिने सुमारे वीस फूट फरफटत नेले. रस्त्यावरचा कोणताही माणूस चाकाखाली कोणी आहे का, हे उतरून पाहतो. उतरून पाहणारे तेथे कोणी नव्हते.

त्याहून लाजिरवाणा भाग यंत्राचा नव्हे, माणसांचा आहे. सुरक्षिततेविषयी चुकीचे चित्र उभे केल्याचा ठपका ठेवून मोटारवाहन खात्याने २४ ऑक्टोबर रोजी कंपनीचे परवाने स्थगित केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने केंद्रीय चौकशीला खोटा अहवाल दिल्याची कबुली देऊन पाच लाख डॉलर दंड भरला. फरफटीचा उल्लेखच त्या अहवालात नव्हता. पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सने या धंद्यातून हात काढून घेतला. म्हणजे ज्या आकड्यांवर विसंबून समाजाने या यंत्रांवर विश्वास ठेवायचा, ते आकडे देणारीच संस्था सत्य झाकू शकते, हे सिद्ध झाले. म्हणून ‘यंत्र सुरक्षित आहे की नाही’ या प्रश्नाआधी ‘हे कोणी मोजायचे आणि कोणी तपासायचे’ हा प्रश्न येतो.

या वादात एक भलताच प्रश्न वारंवार पुढे केला जातो. एका बाजूला वृद्ध आणि दुसऱ्या बाजूला मूल असेल, तर यंत्राने कोणाला मारावे? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत अशा कोड्यांवर सुमारे चार कोटी उत्तरे गोळा करण्यात आली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे कोडे ठीक आहे. परंतु टेंपीत असा कोणताही पेच नव्हता. तेथे ब्रेक लावायचा होता आणि तो लावला गेला नाही. खरी नीती अपघाताच्या क्षणी ठरत नाही. वेग किती ठेवायचा, माणसे किती नेमायची, शंका आली तर थांबायचे की पुढे जायचे, हे ठरते त्या दिवशी ती ठरून गेलेली असते. जर्मनीच्या सरकारी नीति-आयोगाने २०१७ साली हे ओळखले. अपरिहार्य प्रसंगी वय, लिंग वा शरीराची घडण पाहून माणसामाणसांत निवड करण्यास त्याने साफ मनाई केली.

तेव्हा उपाय काय? यंत्र फोडणे हा उपाय नव्हे आणि भांडवलदाराच्या शब्दावर विसंबणे हाही नव्हे. १९६५ साली राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले तोवर मोटारधंदा प्रत्येक अपघाताचा दोष चालकाच्या माथी मारीत असे. मोटारीची रचनाही माणसे मारते, हे लोकांना पटले आणि १९६६ साली अमेरिकेला मोटारींच्या सुरक्षिततेचे नियम कायद्याने घालावे लागले. आज त्याच वळणावर दुसरा कायदा उभा आहे. ब्रिटनने २०२४ साली स्वयंचलित वाहनांचा कायदा केला. अशा वाहनाने दक्ष आणि सक्षम मानवी चालकाइतकी तरी सुरक्षितता राखली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. यंत्र चालवीत असताना घडलेल्या प्रमादासाठी आसनावरच्या माणसावर नव्हे, तर अधिकृत कंपनीवर जबाबदारी टाकली आहे. सुरक्षिततेची माहिती दडवणे हा गुन्हा ठरवला आहे. टेंपीत आणि सॅन फ्रान्सिस्कोत जे उणे पडले, नेमके त्यावर या कायद्याने बोट ठेवले आहे. खुद्द कॅलिफोर्नियाने २०२३ पासून, तातडीचा धोका नसेल तर पट्ट्यांबाहेरून रस्ता ओलांडणाराला दंड करू नये, असा कायदा अमलात आणला. शंभर वर्षांपूर्वी गेलेला हक्क थोडा तरी परत मिळाला.

या देशात हा प्रश्न आज दारी उभा नाही, असे कोणाला वाटेल. केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्र्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे सांगितले की, चालकांचा रोजगार जाईल म्हणून चालकरहित मोटारी भारतात येऊ देणार नाही. रोजगाराची ही चिंता रास्त आहे. परंतु रोजगार आणि पादचाऱ्याची सुरक्षितता हे दोन प्रश्न आहेत. एकाच्या उत्तराने दुसरा सुटत नाही. चालक माणूसच राहिला म्हणून पायी चालणारा वाचत नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत ३२ हजार ८२५ पादचारी होते. त्यांच्या मृत्यूला यंत्र कारण नव्हते. नसलेले पदपथ, असलेल्या पदपथांवर उभ्या केलेल्या मोटारी, गावातून सुसाट जाणारे महामार्ग आणि खेपांच्या हिशेबाने झोप मोडून गाडी हाकायला लावणारी मालकशाही ही त्याची कारणे आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले. हा निर्णय कागदावर राहू द्यायचा की नगरपालिकेच्या दारी नेऊन उभा करायचा, हे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. आणि उद्या धोरण बदलून ही यंत्रे आलीच, तर ज्या गावात पायी चालणाराला आज जागा नाही, तेथे यंत्राला तो दिसणार तरी कसा?

म्हणून या वादातून घेण्याजोगी सूत्रे मोजकीच आहेत. ज्याच्या हाती निर्णय आणि नफा, त्याच्याच माथी जबाबदारी. सुरक्षिततेची मोजदाद कंपनीने नव्हे, सार्वजनिक यंत्रणेने करावी आणि तिचे आकडे लोकांपुढे खुले असावेत. ज्या शहरात चाचणी व्हायची, त्या शहराच्या निर्वाचित संस्थेची संमती आधी घ्यावी. आणि रस्त्यावरच्या सर्वांत दुबळ्या माणसाला, म्हणजे मुलाला, वृद्धाला, अंधाला, डोक्यावर ओझे घेऊन चालणाराला, प्रमाण धरून रस्ताही आखावा आणि यंत्रही घडवावे. त्याने यंत्राच्या सोयीने चालावे, ही मागणी कोणी केली तर ती शंभर वर्षांपूर्वीच्या शिवीचीच नवी आवृत्ती समजावी.

टेंपीच्या त्या स्त्रीला यंत्राने ५.६ सेकंद पाहिले आणि एकदाही माणूस म्हणून ओळखले नाही. यंत्राला तेवढे शिकवता येईल. काही अंशी ते शिकलेही आहे. परंतु ते शिकवण्याची सक्ती समाजाने केल्याखेरीज कोणताही धंदा आपण होऊन शिकवीत नाही, हा शंभर वर्षांचा अनुभव आहे.